मुंडगोडला ध्यानाला बसायचं तर: बेळगाव-निपाणीकडून जाणाऱ्यांसाठी

मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जाऊन आलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी सांगतो. बुद्धाची मूर्ती केवढी मोठी आहे, आणि मोमो काय झकास मिळतात. पहाटे गाडी काढायची, दुपारपर्यंत दोन-तीन विहार बघायचे, फोटो काढायचे, रात्री घरी. त्यात वाईट काही नाही. पण 'तिथं ध्यान शिकवतात म्हणे' असं ऐकून याच पद्धतीनं जे जातात, ते हिरमुसून परत येतात. ध्यानाला वेळ लागतो, आणि आपण घेऊन जातो ती सहल.

म्हणून सुरुवातीलाच सांगते. दोन रात्री मुक्काम करायची तयारी नसेल, तर ध्यानाचा विषय सोडा आणि खुशाल बघून या. तयारी असेल, तर आणखी एक गोष्ट मनाशी धरा: तिथं जे शिकवतात ते आपल्या ओळखीचं विपश्यनेचं 'दहा दिवसांचं शिबिर' नव्हे. शब्द तेच, रीत वेगळी. हे न कळल्यामुळे आमच्या मामांचा पहिला दिवस फुकट गेला.

नेमकं कुठं जायचं, आणि ते ऐतिहासिक कसं?

मुंडगोड उत्तर कन्नड जिल्ह्यात. बेळगाव आणि कारवार दोन्ही १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे आपल्या जुन्या माणसांना हा मुलूख परका नाही. यल्लापूर-हल्याळ भागातले गवळी आजही घरात मराठीच्या वळणाचंच बोलतात. मुंडगोड गावाबाहेर शेतं आणि विरळ जंगल यांच्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचं नाव दोएगुलिंग. १९६६ साली तेव्हाच्या म्हैसूर सरकारनं सुमारे ४,००० एकर जागा दिली आणि ती उभी राहिली. मुख्यमंत्री होते निजलिंगप्पा. आमच्या घरात हे नाव निघालं की आजोबांच्या कपाळाला आठी पडायची, कारण सीमावादावरचा महाजन आयोग नेमला गेला तो याच १९६६ सालात. आपण गावं इकडची की तिकडची म्हणून भांडत होतो, तेव्हा देशच सुटलेली माणसं शंभर-दीडशे किलोमीटरवर जंगल तोडून घरं बांधत होती. असो.

वसाहतीत नऊ साध्या छावण्या आहेत आणि दोन लामा छावण्या. तिथं प्रत्येकजण 'कॅम्प' म्हणतो, म्हणून रिक्षावाल्याला 'लामा कॅम्प एक' किंवा 'लामा कॅम्प दोन' असंच सांगा. एक नंबरात गाडेन परंपरेचे दोन विहार, शार्त्से आणि जांग्त्से. दोन नंबरात द्रेपुंगचे दोन, लोसेलिंग आणि गोमांग. मूळ गाडेन ल्हासाजवळ १४०९ साली खुद्द त्सोंगखापांनी, म्हणजे या परंपरेच्या आद्य गुरूंनी, स्थापलं. द्रेपुंग १४१६ चं, त्यांच्या शिष्यानं उभारलेलं. १९५९ नंतर तिथून निसटलेले भिक्षू आधी बंगालच्या सीमेवर बक्सा इथल्या जुन्या तुरुंग-छावणीत राहिले आणि १९६९ पासून मुंडगोडला आले. म्हणजे तुम्ही बघता त्या इमारती सिमेंटच्या, रंग ताजा. सहाशे वर्षांची आहे ती शिकवण्याची साखळी. हे डोक्यात नसलं की 'काय जुनं आहे यात?' असं वाटतं. आमच्यातल्या एकानं ते मोठ्यानं विचारलंही.

ज्यांना दगडातलंच जुनं हवं, त्यांनी ऐहोळेला मेगुती टेकडीच्या वाटेवरचं दुमजली बौद्ध मंदिर बघावं. अर्धं खडकात कोरलेलं, अर्धं बांधीव. तिथं ध्यानाचे वर्ग नाहीत, फक्त वारा आहे. बसायचं तर स्वतःचं स्वतः बसा.

विचारल्याशिवाय निघू नका

पहिल्यांदा आम्ही सात जण ट्रॅक्स करून गेलो होतो. मी, मामा, मामी, निपाणीची आत्या आणि तीन पोरं. कुणालाही फोन केला नव्हता. गेलो, तर ज्या ठिकाणी सत्र असतं म्हणून ऐकलं होतं तिथं कुलूप. भिक्षूंच्या परीक्षा चालल्या होत्या. एक कोवळा लडाखी भिक्षू आला, हसला, हिंदीत म्हणाला, "आज कोणी नाही, परवा या." परवा! ट्रॅक्सवाला संध्याकाळी परत निघणार होता. चूक आमचीच. विहार म्हणजे आधी शाळा आहे, मग देवळासारखं दर्शनाचं ठिकाण. तिथलं वेळापत्रक भिक्षूंच्या अभ्यासावर चालतं, आपल्या रविवारवर नाही.

तेव्हा महिनाभर आधी विहाराच्या कार्यालयाशी किंवा अतिथीगृहाशी संपर्क करा. सगळ्या मोठ्या विहारांची संकेतस्थळं आहेत, तिथं पत्ता मिळतो. लोसेलिंगमध्ये ध्यान आणि विज्ञान यांसाठी वेगळं केंद्र आहे. २०१७ साली दलाई लामांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ध्यानाची चौकशी मी तिथूनच सुरू करेन. पत्रात चार गोष्टी सरळ विचारा. नवशिक्यांसाठी सत्र त्या तारखांना आहे का? कुठल्या भाषेत? किती माणसं चालतात? खोली मिळेल का? आणि आपण कोण, आधी कधी ध्यानाला बसलोय का, हेही एका ओळीत लिहा. 'ग्रुप टूर' असला शब्द घालू नका. त्याचं उत्तर 'दर्शनाला केव्हाही या' असं येतं.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर पावसात रस्ते आणि कपडे दोन्ही वाळत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासभर मांडी घालून बसणं नवशिक्याला जमायचं नाही. लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. बघायला सुंदर, शिकायला निरुपयोगी, कारण सगळे सणात असतात. दलाई लामांचं प्रवचन मुंडगोडला ठरलं, तर मात्र गोष्टच वेगळी. हजारो माणसं येतात, नावनोंदणी लागते, मोबाइल-कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, आणि तिबेटी प्रवचनाचं भाषांतर एफएमवर ऐकायचं असतं. म्हणून छोटा एफएम रेडिओ आणि इअरफोन न्यावा लागतो. तो प्रसंग अनुभवायचा असतो. ध्यानाच्या वर्गासाठी ती वेळ नव्हे.

कागदपत्रं

भारतीय नागरिकाला कसलाही परवाना लागत नाही. मुक्कामाला आधार किंवा मतदान ओळखपत्र पुरतं. घोळ होतो तो परदेशातून आलेल्या पाहुण्यांमुळे. परदेशी पासपोर्टवाल्याला वसाहतीत राहायला संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो, त्याला सगळे 'पीएपी' म्हणतात. तो मिळायला बराच काळ जातो, जागच्या जागी मिळत नाही. अमेरिकेची भाची सोबत नेणार असाल तर हे आधी बघा.

रस्ता

सोपा मार्ग हुबळीचा. बेळगावच्या मध्यवर्ती स्टँडवरून हुबळीच्या गाड्या सतत असतात. हमरस्ता चांगला, सुमारे १०० किलोमीटर, दोन तास धरा. रेल्वेनं जायचं तर लोंढा, अळणावर, धारवाड करत हुबळी. तिथून शिरसीकडं जाणारी, तडसमार्गे मुंडगोडवरून जाणारी बस पकडा, साधारण ५० किलोमीटर. मामा आयुष्यभर कंडक्टर होते. त्यांचा सल्ला असा की हुबळीत कुठल्या स्टँडवरून गाडी सुटते हे बेळगावच्या बसमध्येच विचारून घ्यावं. उतरल्यावर विचारलं तर रिक्षावाला आपल्या सोयीचं सांगतो. मुंडगोड गावातून कॅम्पला रिक्षा. वाटून घेतली तर परवडते.

स्वतःची गाडी असेल तर खानापूर, अळणावर, हल्याळ, यल्लापूर असा जंगलातला रस्ता आहे. लांबचा, पण डोळ्यांना थंड. जाताना हुबळीकडून जा आणि येताना इकडून या. ध्यान करून परतताना हमरस्त्यावरचे ट्रक अंगावर येतात.

पिशवीत काय

पायघोळ, सैल कपडे. खांदे आणि गुडघे झाकतील असे. घट्ट जीन्स घालून मांडी घालून बघा एकदा घरी, पुन्हा कधी नेणार नाही. जमिनीवर टाकायला जाडसर आसन आणि शाल. स्वतःचा कप, कारण मोठ्या सामूहिक पूजेत छोटे भिक्षू किटल्या घेऊन पळत येतात आणि रांगेत चहा ओततात. ज्याच्याकडं कप नाही तो बघत बसतो. टॉर्च. रोजचं औषध. बाकी खरेदी तिथल्या दुकानांत होते.

भेट म्हणून बेळगावचा कुंदा न्या. बंद डब्यातला. रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपली रीत तिथं चालते, पण हारतुरे मात्र नकोत. अर्पणासाठी पांढरा रेशमी पट्टा, 'खाता', तिथंच मिळतो.

पोचल्या दिवशी

पहिल्या संध्याकाळी फक्त पाय मोकळे करा. स्तूप आणि मणिचक्रं दिसतील, त्यांना उजवी घालून फिरायचं, आपली प्रदक्षिणाच. चक्रंही त्याच दिशेनं फिरवायची. ज्या म्हाताऱ्या तिबेटी आज्जी माळ ओढत फिरत असतात त्यांच्या मागोमाग चाला, काही चुकत नाही. भेटल्यावर 'ताशी देलेक' म्हणा. भिक्षूला 'कुशो-ला', भिक्षुणीला 'आनी-ला'. 'ला' म्हणजे आपल्या 'जी'सारखं. विद्वान भिक्षूंना 'गेशे-ला'. गेशे ही पदवी मिळवायला पंधरा-वीस वर्षं जातात.

मुख्य सभागृहात शिरताना चपला बाहेर, टोपी काढून. मोबाइल बंद. 'सायलेंट' नव्हे, बंद. मामांनी सायलेंट केला असं म्हटलं होतं, आणि ऐन मंत्रपठणात त्यांचं भीमगीत घुमलं. शेजारच्या रांगेतले दहा-बारा वर्षांचे भिक्षू तोंडात शाल कोंबून हसत होते. मामा अजून ती गोष्ट काढू देत नाहीत.

आत समोर शाक्यमुनी बुद्ध. पिवळी टोकदार टोपी घातलेले, दोन शिष्यांच्या मध्ये बसलेले ते त्सोंगखापा. एक रिकामं उंच आसन दिसेल, त्यावर दलाई लामांचा फोटो असतो. त्यावर हात ठेवू नका, टेकू नका. पाय लांब करून बसायचं झालं तर मूर्तीकडं तळवे येऊ देऊ नका. पोथ्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, ओलांडायच्या नाहीत. काही दाखवायचं तर बोट न करता उघडा तळवा. नमस्कार तिथले लोक डोकं, कंठ, छाती असे जोडलेले हात लावून तीनदा करतात. तुम्हाला नसेल करायचा तर नुसते हात जोडून उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

आमच्यासारख्या घरांतून जाणाऱ्यांना इथं एक ठेच लागते, ती आधीच सांगते. १९२५ साली बाबासाहेब निपाणीच्या परिषदेला आले होते, हे आत्याच्या घरात तीन पिढ्या सांगितलं जातंय. रविवारी विहारात त्रिशरण-पंचशील, समोर बुद्ध आणि बाबासाहेब. अशा माणसाला तिथल्या भिंतीवरचे लाल-निळे, दात विचकलेले महाकाल आणि तुपाचे दिवे बघून वाटतं, हे तर आपण सोडून आलो! आत्यानं हेच विचारलं, तेही सरळ भिक्षूला. त्यानं सांगितलं, हे आपल्याच मनातल्या रागाला आणि भीतीला वळण लावायचं चित्र आहे, नवसाला पावणारं कुणी नाही. आत्याला ते पूर्ण पटलं नाही. तुम्हालाही पटायलाच पाहिजे असं नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं तिथं दिवा न लावता नुसतं शांत बसलं तरी त्याचा कुणाला अपमान वाटत नाही, एवढं मी बघितलंय.

तारा या बौद्ध देवीची मूर्ती मात्र परकी समजू नका. गदगजवळच्या डंबळला १०९५ सालचा शिलालेख आहे, त्यात तारेची स्तुती आहे आणि व्यापाऱ्यांनी बांधलेल्या बौद्ध विहाराला दिलेल्या दानाची नोंद आहे. शिमोग्याकडच्या बळ्ळिगावीत १०६५ साली विहार बांधल्याची नोंद मिळते. म्हणजे तिबेटी लोकांनी ती हिमालयापलीकडून इथं परत आणली, असंच म्हणायला पाहिजे.

ध्यानाचा वर्ग

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं 'विपश्यना' म्हटलं की डोळे मिटून, नाकपुडीपाशी श्वास, मग अंगभर संवेदना. मामांनी ते दोनदा केलंय. मुंडगोडला पहिल्या सत्रात ते डोळे मिटून बसले आणि गेशे-ला काय बोलतायत तिकडं लक्षच दिलं नाही. "मला येतं हे," असं त्यांचं. तासाभरानं उठले तेव्हा त्यांना कळलं की बाकीचे सगळे विचार करत होते, आणि हे एकटेच श्वास बघत होते.

त्सोंगखापांच्या परंपरेत, म्हणजे तिबेटी गेलुग परंपरेत, ध्यानाचे दोन हात मानतात. एक, एका गोष्टीवर मन टेकवून ठेवणं. दुसरं, एखादा विषय घेऊन त्याचा तर्कानं तळ गाठणं, आणि जे सापडलं त्यावर मन टेकवणं. शमथ (मन टेकवून शांत करणं) आणि विपश्यना हे शब्द तेही वापरतात, पण त्यांच्या विपश्यनेत 'हा मी मी म्हणतो तो नेमका कुठं आहे?' असली झडती असते. म्हणून वर्गात बोलणं जास्त, बसणं कमी वाटतं. ते बोलणं हाच ध्यानाचा अर्धा भाग आहे. वही चालते का ते विचारून घ्या. आम्हाला चालली.

बसण्याची रीत अशी. मांडी जमेल तशी, अर्ध-पद्मासन झालं तर उत्तम. पाठीमागची बाजू आसनानं थोडी उंच केली की गुडघे आपोआप खाली येतात आणि कंबर धरत नाही. सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. उजवा तळहात डाव्या तळहातावर, अंगठ्यांची टोकं अलगद टेकलेली, हात मांडीवर. पाठ सरळ, खांदे सैल, हनुवटी किंचित आत. जीभ टाळूला टेकवलेली. डोळे मिटायचे नाहीत. अर्धे उघडे, नजर नाकाच्या रेषेत खाली. आपल्याला हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं, पण झोप येत नाही. दुपारच्या सत्रात त्याची किंमत कळते.

आमचं सत्र असं झालं. आधी छोटी प्रार्थना, मग 'आपण कशासाठी बसलोय' हे मनाशी ठरवायला दोन मिनिटं. त्याला ते फार महत्त्व देतात. मग श्वास मोजणं, एकवीसपर्यंत. चुकलं की पुन्हा एकपासून. मी पहिल्या दिवशी सातच्या पुढं गेले नाही. त्यानंतर विषय. गेशे-ला तिबेटीत बोलायचे, एक लडाखी भिक्षू हिंदीत सांगायचा. विषय होता आईचे उपकार. सगळे जीव कधी ना कधी आपली आई होते, इथून सुरू करून त्या मायेची परतफेड, तिथून करुणा, अशी पायरीपायरीनं चढायची जुनी रीत आहे. आत्या मध्येच म्हणाली, "मी चार वर्षांची असताना आई गेली, मला तिचा चेहराही आठवत नाही." भाषांतर करणारा भिक्षू क्षणभर थांबला, गेशे-लांना विचारलं, मग म्हणाला, ज्यानं कुणी तुम्हाला भरवलं त्याला आठवा. आत्या शेजारच्या काकूंना आठवत बसली. पस्तीस वर्षं निपाणीत विड्या वळलेली बाई, मांडी मोडली नाही की हलली नाही. आम्ही सगळे मात्र सारखी मांडी बदलत होतो.

शेवटी सत्रात जे काही चांगलं झालं असेल ते सगळ्यांच्या नावे अर्पण करायचं आणि उठायचं. उठताना घाई नको. पायाला मुंग्या आलेल्या असतात आणि गुळगुळीत फरशीवर माणूस सरळ आडवा होतो.

मन टेकवण्यासाठी तिथं श्वासाखेरीज अंगठ्याएवढी बुद्धमूर्ती डोळ्यांसमोर, भुवयांच्या पातळीवर, मनात उभी करायला सांगतात. विपश्यना शिबिरात कल्पनेतली मूर्ती आणि जप या दोन्हींना मनाई असते. तेव्हा दोन्हींची भेळ करू नका. मुंडगोडला असाल तेवढे दिवस मुंडगोडचं. आवडलं नाही तर घरी येऊन जुनं सुरू ठेवा. पण तिथं बसून 'आमच्याकडं असं नसतं' म्हणत राहिलात तर ना हे पदरात पडतं ना ते.

एक चित्र शोधा. अनेक तिबेटी विहारांत ते भिंतीवर असतं. वळणावळणाच्या वाटेवर काळा हत्ती, त्याला ओढणारं काळं माकड, मागून दोर आणि अंकुश घेतलेला भिक्षू. हत्ती म्हणजे मन, काळेपणा म्हणजे जडपणा, माकड म्हणजे भरकटणं. दोर स्मृतीचा, अंकुश जागरूकतेचा. वाट वर चढते तसा हत्ती डोक्याकडून पांढरा होत जातो, माकड मागं पडतं आणि नाहीसं होतं. मध्येच हत्तीच्या पाठीवर एक ससा येऊन बसतो. तो सूक्ष्म जडपणा. म्हणजे मन शांत वाटतं, पण खरं तर पेंगत असतं. नऊ पायऱ्या आहेत. खानापूर-दांडेलीच्या रानातल्या हत्तींच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे चित्र समजवावं लागत नाही. सश्याचं मात्र समजून घ्या. मला दर सत्रात तो भेटतो.

जाण्याआधी आठवडाभर घरी रोज दहा मिनिटं या आसनात बसून बघा. गुडघेदुखी असेल तर खुर्ची मागा. लाजू नका.

टाळ्यांचा आवाज आला की थांबा

विहाराच्या अंगणात एका ठरावीक वेळी भिक्षू जोडीजोडीनं वाद घालतात. एकजण खाली बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न विचारणारा. प्रश्न टाकताना उभा असलेला पाय आपटतो आणि उजव्या हाताची टाळी डाव्यावर मारतो. डावा हात प्रज्ञा, उजवा करुणेचा उपाय, असा अर्थ सांगतात. सुरुवात 'धीः' या मंजुश्रीच्या, म्हणजे प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाच्या, बीजाक्षरानं होते. लांबून भांडण वाटतं. प्रत्यक्षात प्रमाण (तर्क), मध्यमक (शून्यतेचं तत्त्वज्ञान), अभिधर्म (मनाची मीमांसा), विनय (भिक्षूंचे नियम) असले विषय चालू असतात, नालंदेत घोटलेले. आपल्याकडच्या कुस्तीच्या आखाड्याला जी ऐट असते तीच इथं आहे, फक्त चीत करायचं ते शब्दानं. वेळ अतिथीगृहात विचारा, कडेला उभं राहून बघा, मध्ये जाऊन फोटो काढू नका.

२०१६ च्या डिसेंबरात याच मुंडगोडला द्रेपुंगमध्ये २० भिक्षुणींना गेशेमा, म्हणजे बायकांची गेशे, ही पदवी मिळाली. तोवर गेशे पदवी जवळजवळ पुरुषांनाच मिळायची. वसाहतीत जांगचुब छोलिंग हा भिक्षुणींचा विहार आहे. बायकांनी गेल्यासारखं तिथं जरूर जावं. आत्या तिथल्या एका भिक्षुणीशी जास्त मोकळेपणानं बोलली, दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नसताना.

खाणं, दान, फोटो

थुक्पा (नूडल्सचं सूप) आणि तिंगमो (वाफवलेला पाव) खा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, मोमोत बहुधा मांस असतं. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटात आवडत नाही. तो चहा नाही, सार आहे असं समजून प्या.

ध्यानासाठी शुल्क आहे की ऐच्छिक दान, हे पत्रातच विचारा. ऐच्छिक असेल तर पाकिटात घालून, 'खाता' पट्ट्यात गुंडाळून दोन्ही हातांनी द्या. भिक्षूच्या हातात नोटा कोंबू नका. गेशे-लांना खाता दिला की ते तो परत तुमच्याच गळ्यात घालतात. तो आशीर्वाद असतो, नाकारला असं नव्हे.

सभागृहात फोटो विचारूनच. ध्यान चालू असताना कधीच नाही.

दुसऱ्या सकाळी

घाईनं निघू नका. दुसरी सकाळ सगळ्यात चांगली. पहाटेच्या पूजेचे खर्जातले सूर ऐका, मग मोकळ्या सभागृहात परवानगी घेऊन अर्धा तास स्वतःचं स्वतः बसा. शंका उरली असेल तर याच वेळी विचारा. नाश्त्यानंतर कुणाला सवड नसते. मुलं सोबत असतील तर जवळचं अत्तिवेरी पक्षी अभयारण्यही करता येतं.

आणि हे सगळं करून तुम्हाला वाटलं की बोलणं नको, नुसतं बसायचंय, तर मुंडगोडला दुसऱ्यांदा जाऊ नका. आपल्याला जवळचं ठिकाण कोल्हापूरपलीकडं हातकणंगले तालुक्यात आळते इथं आहे, धम्मालय विपश्यना केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, येण्या-जाण्याचे धरून बारा दिवस मोकळे लागतात. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक. सकाळी अकराचं जेवण शेवटचं, नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं. दहाव्या दिवसापर्यंत मौन, मोबाइल जमा. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि जागा लवकर भरतात म्हणून दोन-तीन तारखा हाताशी ठेवायच्या. सूचना मराठीतही ऐकायला मिळतात का, ते अर्ज करतानाच विचारून घ्या. मामांनी तिसऱ्यांदा अर्ज केलाय. आत्याला सोबत ये म्हणाले, तर ती म्हणाली, "दहा दिवस बोलायचं नाही? मग मुंडगोडच बरं."